वरचे सरकारचे, खालचे कुंदाबाईचे

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो, पण शाळेतला नव्हे. पाढे, बाराखडी, 'आजची हजेरी' यांतले काहीही माझ्या अंगावर कधी उमटले नाही. मी दवाखान्याचा फळा. सातपुड्याच्या पायथ्याशी उंबरझिरे नावाचे एक गाव आहे. तिथल्या आरोग्य उपकेंद्राच्या ओसरीत मी चौदा वर्षे टांगलेला होतो. गावाच्या अहिराणी बोलीत मला 'फया' म्हणत. आधी ते नाव मला हलके वाटायचे, पुढे त्याचीच गोडी लागली.

माझा जन्म धुळ्याचा. झुलाल मिस्त्री नावाच्या सुताराने सागाच्या तीन फळ्या जोडून मला घडवले. जोड इतका बेमालूम की बोट फिरवले तरी सांधा लागू नये. मग त्याच्या बायकोने जुन्या बॅटरीच्या सेलमधला काळा गाभा कुटला, त्यात घेवड्याच्या पानांचा रस कालवला आणि माझ्यावर तीन हात दिले. मिस्त्री तिला म्हणाला होता, "येवर जे लिखाई जाई ते लांबथीन दिसाले पायजे." ते शब्द ऐकून मी मनातल्या मनात फुगलो. दुरून दिसण्याचे सुख मला ठाऊक झाले. दुरून दिसण्याची जोखीम कळायला पुढे दोन वर्षे लागली.

एस.टी.च्या टपावरून तालुक्याला आणि तिथून बैलगाडीने मी उंबरझिऱ्याला पोचलो, ते साल शहाऐंशी. तिथे मला तीन माणसे भेटली. पहिल्या कुंदाबाई, उपकेंद्राच्या नर्स. माहेर पाचोऱ्याचे, शिक्षण धुळ्याचे, अंगाने बारीक आणि चालणे भरभर. दुसरा निंबाभाऊ, दवाखान्याचा मदतनीस. त्याचा बाप गावात दवंडी द्यायचा. ढोलके गेले, पण बापाचा आवाज निंबाभाऊच्या गळ्यात शाबूत होता. तिसरी दगडीबाई, गावची म्हातारी सुईण. अर्धे गाव तिच्या हातावर जन्मलेले, त्यामुळे ती कोणालाही काहीही बोलू शके.

त्या गावात वाचता येणारी माणसे थोडी. म्हणून एक रीत पडली होती. सकाळी कुंदाबाईंनी माझ्यावर लिहायचे, आणि बाया पाण्याला निघाल्या की निंबाभाऊने विहिरीपाशी उभे राहून तेच खड्या आवाजात म्हणून दाखवायचे. मी लिहिलेले धरून ठेवणार, निंबाभाऊ ते गावभर नेणार. अशी आमची जोडी होती.

पहिला महिना मात्र अगदी कोरडा गेला. कुंदाबाई तालुक्याच्या परिपत्रकातून जसेच्या तसे उतरवत: 'सर्व ग्रामस्थांस कळविण्यात येते की दिनांक अमुक रोजी बालकांसाठी त्रिगुणी लसीकरण सत्राचे आयोजन करण्यात आले असून संबंधितांनी याची नोंद घ्यावी.' निंबाभाऊ ते म्हणायचा, बाया माना हलवायच्या आणि मंगळवारी कोणी फिरकायचे नाही.

एक दिवस तो विहिरीवरून परत आला आणि माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"बाई, हाई म्हनताना माले दम लागस," तो म्हणाला. "इतलं मोठं लिखेल शे, पन येम्हा 'या' असं कोठेच नही."

"मग काय लिहू?"

"तुम्ही माले जसं सांगतस, तसं लिखा ना."

कुंदाबाई हसल्या. घरी त्यांचीही बोली अहिराणीच होती, पण दवाखान्यात ती काढायची नाही असे त्यांनी ठरवून टाकले होते. ओल्या फडक्याने त्यांनी मला लख्ख पुसले, क्षणभर खडू हातात खेळवला आणि लिहिले:

'मंगळवारे पोरेस्ले लई या. सुई टोची तं पोऱ्या घडीभर रडस. नही टोची तं माय जलमभर रडस.'

मित्रांनो, त्या मंगळवारी अडतीस मुले आली. ओसरीत पाय ठेवायला जागा उरली नाही. पोरे रडत होती, आया एकमेकींना 'घडीभरनं शे, घडीभरनं शे' असे सांगत होत्या आणि निंबाभाऊ लशींचा बर्फाचा डबा उचलून नाचायचा तेवढा राहिला होता.

मग काय विचारता. कुंदाबाईंच्या हाताला खडूची चटक लागली. विहिरीच्या काठावर म्हशी धुण्याबद्दल त्यांनी लिहिले, पोरींची लग्ने सोळाव्या वर्षी उरकण्याबद्दल लिहिले, तंबाखूबद्दल तर तीन दिवस लिहिले. लोक चिडत, हसत, वाद घालायला येत आणि आलेच आहेत म्हणून खोकल्याचे औषध घेऊन जात. मला तर वाटू लागले, तालुक्यात आपल्यासारखा फळा नाही.

पण कौतुकाने माणसाचा हात सुटतो. फळ्याचे सोडा, त्याला हातच नाही.

तोताराम नाना हे गावातले वजनदार शेतकरी. तरुणपणी नावाजलेले पहिलवान, आणि गावात दुसरी नाही अशी भरघोस मिशी. कपाशीच्या शेतात गंजलेला खिळा त्यांच्या पायात घुसला, म्हणून धनुर्वाताची सुई घ्यायला ते आले. कुंदाबाईंनी सुई वर धरून थेंब उडवला आणि वळून पाहतात तो नाना जागेवर नाहीत. ते खिडकीतून उडी टाकून मागच्या कपाशीत शिरले होते. निंबाभाऊने समजूत घालून त्यांना परत आणले. सुई झाली. महिन्याने दुसरी घ्यायला या, असे सांगून बाईंनी त्यांना धाडले.

इथवर काही बिघडले नव्हते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाबाई मनाशी हसतच माझ्यासमोर आल्या आणि त्यांनी लिहिले:

'एक मिशीवाला पहिलवान. कुस्तीमा बठ्ठास्ले पाडे. सुई देखी आन् खिडकीमाईन पयना.'

नाव लिहिले नव्हते. पण निंबाभाऊने विहिरीवर ते म्हणताना नसलेल्या मिशीला पीळ दिला. बायांच्या घागरी हसण्याने हिंदकळल्या. दुपारपर्यंत पोरे नानांच्या ओट्यासमोर खिडकीतून उडी मारण्याचा खेळ खेळू लागली.

नाना दुसऱ्या सुईला आले नाहीत. त्यात नवल नव्हते. पण हळूहळू बाकीचेही येईनासे झाले. एका मंगळवारी तर सहाच मुले आली. खरूज झालेला माणूस येईना, पाळीची तक्रार असलेली बाई येईना. ओसरीत मी आणि एक कुत्रे.

डॉक्टरसाहेब चाळीसगावचे होते. दर मंगळवारी ते मोठ्या आरोग्य केंद्रातून जीपने यायचे. स्वभावाने शांत, बोलणे मोजके. त्यांनी रजिस्टर पाहिले, मग बाहेर येऊन मला पाहिले. नानांवरची ओळ पुसली होती, पण खडूची पुसट छाया अजून दिसत होती.

"सिस्टर, अडतीसांचे सहा झाले," ते म्हणाले.

"मी कोणाचं नाव लिहिलं नव्हतं, साहेब."

"नव्हतं लिहिलं, हे खरं. पण ती गोष्ट तुम्हाला कळली कुठे? आतल्या खोलीत, सुई हातात असताना. रस्त्यात दिसलेलं असतं तर मीही हसलो असतो. आतल्या खोलीत दिसलेलं तुमचं नसतं, ज्याचं त्याचं असतं."

कुंदाबाईंनी फडके उचलून ती छाया पुन्हा घासून काढली.

"आता काही दिवस परिपत्रकच लिहा," साहेब जाताना म्हणाले. "तुमच्या ओळी मला आवडतात, म्हणून सांगतोय."

बाईंनी ते फार मनाला लावून घेतले. दुसऱ्या दिवसापासून माझ्यावर पुन्हा 'सर्व ग्रामस्थांस कळविण्यात येते'. अक्षर सुंदर, ओळी सरळ, आणि जीव म्हणाल तर नाही. निंबाभाऊ विहिरीवर जाऊन ते पुटपुटायचा आणि परत यायचा. पुढच्या मंगळवारी चार मुले आली. तेव्हा मला कळले की नको ते बोलल्याने जसे माणूस दुरावते, तसे तोंड शिवून घेतल्यानेही दुरावते.

मग एका दुपारी दगडीबाई काठी टेकत आली. उन्हातून आली होती तरी पाणी मागितले नाही, सरळ मुद्द्यालाच हात घातला.

"बाई, नवलनी बायको गेंदा शे ना, तिना पाय सुजेल शेतस. तोंडबी सुजेल शे. आठवा महिना शे. माले हाई लक्षन बरं वाटत नही."

कुंदाबाई ताडकन उठल्या. "मग घेऊन का नाही आलीस?"

"येत नही म्हनस. म्हनस, आज पोट दखाडसू, सकाय फयावर येई."

नर्सबाईला पाय सुजण्याचा अर्थ सांगावा लागत नाही. वेळेवर तालुक्याच्या दवाखान्यात नेले तर दोन जीव वाचतात, घरीच राहिले तर दोन्ही जीव टांगणीला. त्या पिशवी घेऊन गेंदाच्या घरी निघाल्या, तशी दगडीबाईने काठी आडवी धरली.

"तू गई तं ती दार लाई ली. कालदिन मन्हावरबी लायं."

"मग मी काय करू, आजी?"

"तू येडी शे का? आधी लय बोलनी, आते मुकी व्हई गई. बोल ना. पन आमनं नको बोलू, तुन्हं बोल."

तिचे एवढेच म्हणणे होते. पण कुंदाबाईंना त्यात वाट सापडली. मग पदर खोचून आधी तोताराम नानांच्या घरी गेल्या. ती भेट मी पाहिलेली नाही. पुढे कित्येक वर्षांनी नानांनी स्वतःच माझ्याखाली बसून नातवंडांना ती रंगवून सांगितली, म्हणून मला ठाऊक आहे.

बाई ओट्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "नाना, माझं चुकलं. उद्या फळ्यावर लिहून सगळ्या गावासमोर माफी मागते."

नानांनी मिशीवरून हात फिरवला. "फयावर माफी लिखशी तं गाव आखो हासी. ती माफी व्हई का दुसरी कुस्ती? माफी घरमा मांगतंस. बस, चहा ले."

बाईंनी चहा घेतला. नानांनी आपला कप बाजूला ठेवला.

"मन्ही गोट मन्ही शे," ते म्हणाले. "माले वाटी तव्हय मी सांगसू. तू तुन्ही गोट लिख. तुले कोन आडावस?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "ती दुसरी सुई बाकी शे ना? पिशवीमा शे का?"

होती. नानांनी डोळे गच्च मिटून बाही वर केली. कुंदाबाई हसल्या नाहीत. सुई झाल्यावर दोघेही एकदम हसले, आणि त्या हसण्यात घरच्या माणसांशिवाय कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच बाई माझ्यासमोर आल्या. त्यांनी मला कोरडे पुसले, मग ओले पुसले आणि माझ्या बरोबर मधोमध पट्टी धरून एक आडवी रेघ ओढली. रेघेच्या वर त्यांनी साध्या मराठीत लिहिले: 'मंगळवारी लसीकरण. गरोदर बायांची तपासणी रोज सकाळी.' रेघेच्या खाली लिहिले:

'मी कुंदा नर्स. धुयाले शिकाले व्हती तव्हय पहिली सुई संत्रीले टोचनी, दुसरी मानुसले. मानुसले कायबी व्हयनं नही, मीच चक्कर ईसन पडनी. भ्या वाटनं तं सांगा, मालेबी वाटस. दवाखानामा जे आयकस ते फयावर येवाव नही. — कुंदा. हाई मन्हं शे, सरकारनं नही.'

निंबाभाऊने ते मनात वाचले, दवाखान्यात ऐकलेले फळ्यावर येणार नाही ही ओळ तर दोनदा. विहिरीवर गेला, तेव्हा त्याने कुठल्याही मिशीला पीळ दिला नाही. 'मीच चक्कर ईसन पडनी' येताच बाया आधी थबकल्या, आणि मग असे हसल्या की ते मला ओसरीत ऐकू आले.

उन्हे वर आली तेव्हा एक बाई भिंतीचा आधार घेत ओसरीपर्यंत आली. पाय सुजून थोराड झालेले, वहाणा हातात. ती गेंदा होती. तिला वाचता येत नव्हते. तिने माझ्यावरच्या अक्षरांशी बोट नेले, पण पुसले जाईल म्हणून टेकवले नाही.

"निंबाभाऊ, आखो एकदाव म्हना," ती म्हणाली.

निंबाभाऊने म्हटले. तोवर कुंदाबाई दारात आल्या होत्या.

"बाई, खरंच पडनी व्हती का?"

"खरंच. डोक्याला टेंगूळ आलं होतं."

"आन् तो मानुस?"

"त्यानेच उचलून मला खाटेवर ठेवलं. आपल्याला सुई टोचलीय हे तो विसरूनच गेला."

गेंदा हसली, आणि हसता हसता रडली, आणि आतल्या खोलीत गेली. दार लागले. आत काय बोलणे झाले ते मला माहीत नाही, आणि माहीत असते तरी मी सांगितले नसते. एवढेच सांगतो की घटकाभराने निंबाभाऊ सायकलवर टांग टाकून मोठ्या केंद्राकडे सुटला आणि दुपारी जीप आली. गेंदा, तिचा नवरा नवल, दगडीबाई आणि कुंदाबाई अशी सगळी त्या जीपमधून तालुक्याला गेली.

सोळा दिवस गेंदा तिथल्या दवाखान्यात होती. कुंदाबाई दुसऱ्या दिवशी परतल्या, पण मला पुसायलाही कोणाला सुचले नाही. निंबाभाऊ रोज तीच ओळ विहिरीवर म्हणायचा आणि बाया त्याला गेंदाची खबर विचारायच्या. तो सांगायचा, "खबर तिनी शे, ती सांगी." असे उत्तर त्याने आयुष्यात पहिल्यांदाच दिले असेल.

सतराव्या दिवशी जीप आली. गेंदा उतरली, पाय पहिल्यासारखे बारीक, कुशीत फडक्यात गुंडाळलेली मुलगी. कुंदाबाईंचा हात आपोआप खडूकडे गेला आणि तिथेच थांबला.

"गेंदा, फळ्यावर लिहू का?"

गेंदाने जरा विचार केला. "लिखा. पन पहिले मन्हं नाव लिखा."

"आणि नवलचं?"

"त्यानी काय करं? तो तं जीपमा झोपेल व्हता."

नवल बिचारा हसत उभा राहिला. रेघेच्या खाली लिहिले गेले: 'गेंदाले पोर व्हयनी. दोन्ही खुशाल. नवलबी खुशाल.' निंबाभाऊ त्या दिवशी विहिरीवर थांबला नाही, गावभर फिरला.

पुढच्या मंगळवारी ओसरी पुन्हा भरली. मधले मंगळवार डॉक्टरसाहेबांना येता आले नव्हते; आता आल्या आल्या त्यांनी मला वरपासून खालपर्यंत वाचले. कुंदाबाई दारात उभ्या. साहेबांनी खडू उचलला आणि मधली रेघ पुन्हा गिरवून जाड केली.

"वरचं वाचणं माझं काम आहे," ते म्हणाले, "खालचं मी आपला वाचून जाणार. ही रेघ मात्र पुसू देऊ नका."

त्यानंतरची माझी वर्षे सुखाची गेली. खालच्या भागात कुंदाबाईंनी पुष्कळ मते मांडली. एकदा तर परिपत्रकाचीच चूक दाखवली, की बाजाराच्या दिवशी लसीकरण ठेवले तर आया बाजारात आणि सुया डब्यात. तेही खाली आपले नाव घालून लिहिले, आणि साहेबांनी दिवस बदलून दिला. गावात शिकलेली पोरे वाढली, तशी तीही खडू उचलून बाईंना उत्तरे लिहू लागली. कोणी लिहिले, बाई चुकतात. कोणी लिहिले, बाई बरोबर. एकदा कोणीतरी घाणेरडे लिहून नाव न घालता पळाले. निंबाभाऊने ते पाहिले, फडके उचलले आणि पुसून टाकले.

"ज्याखाले नाव नही, त्याले मन्हा आवाज नही," तो म्हणाला. तो आमच्या फळ्याचा कायदा झाला.

दोन हजार साली पत्र्याचे रंगीत फलक आले. त्यांच्यावर सगळे छापूनच आलेले, पुसायचे काम नाही. मला काढून मागच्या भिंतीला टेकवले. धूळ बसली, एका कोपऱ्याला वाळवी लागली. निंबाभाऊ तेव्हा निवृत्त झाला होता, कुंदाबाईंची बदली झाली होती. ते दिवस कसे गेले ते मी उगाळत बसणार नाही.

मग एक नवी नर्सबाई आली. तिने मला झाडले, वाळवीचा कोपरा करवतीने कापला, खाली दोन पाय ठोकून घेतले आणि आतल्या खोलीत उभे केले. आज मी तिथेच आहे. दारातून खाट दिसू नये म्हणून मी आडोसा आहे. माझ्यामागे बाया निजतात, पोट दाखवतात, मनातले बोलतात, रडतात, हसतात. मी ऐकतो. बाहेरच्या ओसरीत असताना मला वाटायचे, फळ्याचे काम सांगण्याचे. आता कळते, झाकणे हेही त्याचेच काम आहे, आणि दोन्ही कामे मला सारखीच आवडतात.

मित्रांनो, तुमच्या हातात आता माझ्याहून फार मोठे फळे आले आहेत. त्यांच्यावर लिहिलेले एका विहिरीपुरते राहत नाही म्हणे. जरूर लिहा. आपल्या बोलीत लिहा, हसत लिहा, पटत नसेल तर तसे लिहा, आणि खाली आपले नाव घाला. फक्त खडू टेकवण्याआधी आपण कुठे उभे आहोत ते बघा, ओसरीत की आतल्या खोलीत. आतल्या खोलीतले असेल, तर ज्याचे आहे त्याला आधी विचारा. तो 'लिखा' म्हणाला, तर त्याचे नाव सगळ्यात वर घाला.

आणि जमले तर एखाद्या जुन्या फळ्यावरची धूळ झाडा. आम्हाला अजून पुष्कळ उपयोग आहेत.